ज्यांना शेवट माहीत होता

त्या सकाळी मी आधी नळाचे पाणी भरले, सासूबाईंचा काढा उकळत ठेवला आणि पाटावर बसून यजमानांच्या चष्म्याची डावी काडी काळ्या दोऱ्याने बांधली. काडी ढिली झाली होती आणि दुरुस्तीला वेळ नव्हता. साल १९५६. मध्य भारत राज्य संपले होते, कचेऱ्या भोपाळला चालल्या होत्या आणि ग्वाल्हेरच्या मोतीमहालातल्या दप्तरांबरोबर कारकूनही रवाना होत होते. टांगा खाली उभा होता. जिन्यात थांबून ते म्हणाले, "मोजे वाळले का?" मी म्हटले, "एक वाळलाय." ते हसले, ओला मोजा तसाच खिशात कोंबला आणि गेले. त्यानंतर मी त्यांना पाहिले नाही.

मृत्युपत्र असे सुरू होत नाही, असे वकील म्हणाले. त्यांनी त्यांचे हवे तसे सुरू करावे. आता रीतीचे लिहिते.

मी, श्रीमती अनसूया गोपाळकृष्ण पोतनीस, वय सहासष्ट, राहणार माधवगंज, लश्कर, ग्वाल्हेर, माझ्या मालकीच्या वस्तूंची माझ्यामागे काय व्यवस्था व्हावी ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. मला कोणी शिकवलेले नाही, कोणी दटावलेले नाही. मोतीबिंदू डोळ्यांत आहे, बुद्धीत नाही. नावामागे 'श्रीमती' मुद्दाम लिहिले आहे. घरच्या पत्रिकांवर मी आजवर 'सौ.' होते.

१. माधवगंजच्या घरातल्या वरच्या दोन खोल्या व गच्ची माझ्या नावावर आहे. यजमान भोपाळहून रजेवर निघाले आणि घरी पोहोचले नाहीत. सात वर्षांनी न्यायालयाने त्यांना मृत मानले, म्हणून त्यांचा हिस्सा मला मिळाला. त्या दाव्यात माझे थोरले दीर माधवराव यांनी शपथेवर सांगितले की भावाचा ठावठिकाणा आपल्याला माहीत नाही. घरी आल्यावर मला म्हणाले, "कागदापुरतं ठीक आहे वहिनी. घरात मात्र असलं काही बोलायचं नाही. गोपाळ येईल."

या खोल्या मी दीरांची मुलगी शामला हिला देते. तिचा भाऊ श्रीरंग याला देत नाही. कारण पुढे येईल.

२. मंगळसूत्र व चार बांगड्या शामलाच्या मुलीला द्याव्यात. काळे मणी आधी काढून टाकावेत, नुसते सोने तिच्याकडे जावे. या मण्यांनी मला ना सवाष्ण राहू दिले ना विधवा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या सुधाताई करंड्यात बोट बुडवत आणि माझ्यासमोर आल्या की जाऊबाईंकडे बघत. जाऊबाई मान हलवीत, "लावा, लावा, भाऊजी यायचेत." मग बोट कपाळाला टेके, पण सुधाताई माझ्या डोळ्यांत बघत नसत. हे लिहिताना त्या साक्षीदार म्हणून समोरच बसल्या आहेत. आत्ताच म्हणाल्या, "तेही लिहिलंस का गं?" लिहिले आहे.

३. यजमान बेपत्ता होऊन बारा वर्षे झाली तेव्हा मी दीरांना पालाशविधी करायला सांगितले. ज्याचा देह मिळत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. बारा वर्षे वाट पाहावी, असे गुरुजींनीच सांगितले होते. माधवराव ताटावरून उठले. "मी जिवंत भावाचा पुतळा जाळू? वहिनी, तुम्हाला बोलवतं तरी कसं!" सगळ्या घराने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मीच त्यांना मारले होते. मी पुन्हा विषय काढला नाही. माधवराव आता नाहीत. दिवाणखान्यात त्यांची तसबीर आहे. माझी तसबीर तिच्या शेजारी लावू नये.

४. माझी पुस्तके दौलतगंजच्या वाचनालयाला द्यावीत. मी शाळेत चौथीपर्यंत गेले. बाकीचे वाचन सासूबाईंमुळे झाले. त्यांना दिसत नसे, म्हणून मी दुपारी वाचून दाखवी. पुस्तक संपले की त्या विचारीत, "पुढे?" मी म्हणे, "संपलं." "अगं, पण त्या पोरीचं काय झालं?" लेखकाने लिहिलेले नसले की मी तसे सांगे. त्या लेखकाला दोन शिव्या घालीत आणि मग म्हणत, "त्याला तरी काय ठाऊक असणार म्हणा." मला हे पटत असे. अजून पटते. ज्या लेखकाला पुढचे दिसत नाही त्याने तिथेच हात थांबवावा. त्यात लबाडी नाही.

५. आता श्रीरंग. हा मुंबईत हिंदी मालिका लिहितो. गेल्या वर्षी त्याने एका बाईची मालिका लिहिली. राज्ये एकत्र होतात, राजधानी हलते, नवरा नव्या राजधानीला जातो, परत येत नाही. मालिकेचे नाव मी इथे लिहीत नाही, फुकट जाहिरात होईल. सगळ्या गल्लीला कळले की ती मी. भाजीवाल्यापासून सगळे मला 'आगे क्या होगा' विचारू लागले. मालिकेतल्या नवऱ्याने निरोप घ्यायला अर्धा भाग घेतला आणि चंद्राबद्दलही काही बोलला. मोज्यांचे कोणी काढले नाही. मी हसून सोडून दिले.

शेवटून दुसऱ्या भागात कचेरीतला एक सहकारी नवऱ्याच्या थोरल्या भावाकडे येतो आणि त्याच्या हातात चष्मा ठेवतो. चष्मा पडद्यावर मोठा दिसला. डाव्या काडीला काळा दोरा होता.

तो दोरा बांधताना मी पाटावर एकटीच होते. ते मी कोणालाही सांगितलेले नव्हते.

मी श्रीरंगला फोन केला. आमचे बोलणे जसे झाले तसे लिहिते.

"चष्मा कुठून आणलास?"

"काकू, ते... बाबांच्या कपाटात होता."

"तुझ्या बाबांकडे कसा आला?"

मग म्हणाला, "विश्वासराव म्हणून काकांचे भोपाळचे मित्र होते. त्यांनी आणून दिला. काका गाडीतच आजारी पडले. बीना स्टेशनवर उतरवलं, तिथेच गेले. ओळख पटली नाही म्हणून तिथल्याच लोकांनी अग्नी दिला. विश्वासराव शोधत गेले तेव्हा चौकीत चष्मा सापडला."

"कधी?"

"सत्तावन्न साली. आजी आजारी होती ना, म्हणून बाबांनी लपवलं. मग आजी गेली. मग सांगायची वेळच निघून गेली, असं बाबा म्हणायचे. मला त्यांनी अगदी शेवटी सांगितलं."

"चष्मा पाठवून दे."

"काकू, सॉरी. शूटिंगमध्ये हरवला."

एवढे कळल्यावर मी शेवटचा भाग बघायला बसले. शामला आली होती. तिला यातले काही माहीत नव्हते, मी सांगितल्यावर माझ्याआधी तीच रडली. खोल्या तिला का, ते इथे आले. मला वाटले, पोराने निदान मालिकेत तरी त्या बाईला सांगितले असेल. तर काय, बाई अंगणात बसली आहे, दारावर थाप पडते, बाई उठते, कडीला हात घालते, आणि चित्र थांबते. दुसऱ्या दिवशी वाण्याची सून जिन्यातूनच ओरडली, "काकू, दार पे कौन था? तुम्हाला तर माहीत असेल ना!"

वर्तमानपत्रात श्रीरंगची मुलाखत आली. म्हणे, अंत मैंने दर्शकों पर छोड़ दिया है, ज़िंदगी भी कहाँ जवाब देती है. मी पुन्हा फोन केला. तो म्हणाला, "काकू, ओपन एंडिंगमध्ये आशा राहते. बघणाऱ्यानं आपापलं ठरवावं."

मी म्हटले, "बघणारे ठरवतील रे. मी कुठे बघणारी आहे?"

आयुष्य उत्तर देत नाही, असे तो म्हणाला. आयुष्याने उत्तर सत्तावन्न सालीच दिले होते. ते आधी त्याच्या बापाने कपाटात ठेवले आणि मग त्याने कॅमेऱ्यापुढे. माहीत नसणे वेगळे आणि माहीत असून दुसऱ्याला दारात उभे ठेवणे वेगळे. लोक याला कला म्हणत असतील. आमच्या घरात याला काळजी म्हणत.

माझा टीव्ही श्रीरंगला द्यावा. हल्ली त्यात चित्र मध्येच थांबते. त्याला चालेल.

६. यजमानांचा पालाशविधी श्रीरंगने करावा. घरातला पुरुष तोच उरला आहे. तो मी जिवंत असताना करावा, म्हणून या मृत्युपत्राची नक्कल त्याला आजच पाठवते आहे. त्याने विधी केला तर माझ्या क्रियाकर्माचा अधिकारही त्याचाच. न केला तर त्याने माझ्या प्रेताला हात लावू नये.

वरील सर्व मी वाचून, समजून, न रडता लिहिले आहे.

सही: अनसूया गोपाळकृष्ण पोतनीस
साक्षीदार: सुधा वामन कर्णिक, माधवगंज
साक्षीदार: भालचंद्र यशवंत दिघे, निवृत्त शिक्षक, गोरखी
ग्वाल्हेर, ८ जानेवारी २००१

पुरवणी

श्रीरंगचा काल फोन आला. "काकू, वाचलं. करू ना. जरा शेड्यूल बघून सांगतो." मी तारीख विचारली. म्हणाला, "बघू."

कलम सहा रद्द समजावे. माझे क्रियाकर्म शामलाने करावे.

फोन ठेवल्यावर मी गुरुजींकडे गेले. ते म्हणाले, "अधिकार मुलाचा, भावाचा, पुतण्याचा."

"पत्नी त्यात आहे की नाही?"

"आहे. पण बरीच खाली."

"वरच्या सगळ्यांना विचारून झालंय, गुरुजी."

आज सकाळी शामलाला घेऊन लक्ष्मीगंजच्या स्मशानात गेले. गुरुजींनी पळसाच्या पानांचा पुतळा बांधला. अग्नी मी दिला. घरी येऊन स्नान केले आणि सुतक धरले.

सही: अनसूया गोपाळकृष्ण पोतनीस
साक्षीदार: सुधा वामन कर्णिक
साक्षीदार: भालचंद्र यशवंत दिघे
ग्वाल्हेर, १६ जानेवारी २००१