चौथ्या खुर्चीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, राहणार जन्मापासून याच घरात, धंदा शिवणकाम आणि त्याहून जास्त उसवणकाम, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघ्यांची गरज नसते असे वकीलबाई म्हणाल्या. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालायला घरात आता कोणी उरलेलेही नाही.

वकीलबाईंनी एक छापील नमुना दिला होता. त्यात घर, दागिने, ठेवी यांच्यासाठी रेघा आखलेल्या होत्या. हा कागद मी मुख्यतः एका खुर्चीसाठी लिहिते आहे आणि खुर्चीसाठी त्यात रेघ नव्हती, म्हणून तो नमुना बाजूला ठेवला. तरी रीतीप्रमाणे घरापासून सुरुवात करते.

कलम १. हे घर, पुढच्या खोलीतल्या दुकानासकट, माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला मिळावे. तिने राहावे, विकावे, भाड्याने द्यावे, माझे काही म्हणणे नाही. मागच्या दाराची खिटी आधी वर उचलायची आणि मग सरकवायची. जोर लावला की ती हातात येते. तिच्या बापाला हे आयुष्यभर जमले नाही. बँकेत जे काही असेल तेही तिलाच.

कलम २. शिलाई मशीन, दोन्ही कात्र्या आणि दोऱ्यांचा खण, माझ्याकडे शिकून आता कोपऱ्यावर दुकान थाटलेल्या मुलीला द्यावा. बाई, माझी गिऱ्हाइके तू आधीच नेलीस, आता मशीनही ने. मोठी कात्री कागदाला लावायची नाही. लावलीस तर मी असेन तिथून मला कळेल.

कलम ३. धाकट्या भावाला भिंतीवरचे घड्याळ. ते मागे पडते आणि तोही कधी वेळेवर आला नाही, तेव्हा दोघांचे बरे जमेल. आमच्या फर्निचरला तो ‘दवाखान्याचा वॉर्ड’ म्हणायचा, ते मी विसरलेले नाही. माफ केले आहे, पण विसरलेले नाही.

कलम ४. फर्निचर. इथे थोडे खुलासेवार लिहावे लागेल, कारण भाची उद्या विचारील की आत्याने अख्ख्या घराला एकच रंग का फासला. आत्याने नाही फासला. माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने फासला.

आम्ही दोघींनी लग्न केले नव्हते. तिने बराच काळ आणि मी कायमचेच. ती टपाल कार्यालयाच्या खिडकीत बसायची, मी पुढच्या खोलीत मशीनवर. आई-वडिलांच्या वेळचे फर्निचर काळवंडून गेले होते. एके दिवशी ताई रंगाचा डबा घेऊन आली. रंग फिका आकाशी. डब्यावर लिहिलेले, सर्व कामांसाठी एकच रंग: लाकूड, लोखंड, भिंत, प्लास्टिक.

“बघ छोटे, हा कशालाही लागतो,” ती म्हणाली.

लागला खरा, टिकला मात्र नाही. जुन्या पॉलिशवर आम्ही तो तसाच चोपडला होता. शेजारचे दातांचे डॉक्टर पांढरा कोट घालून खुर्चीत टेकले आणि पाठीवर आकाशी पट्टे घेऊन उठले. त्या दिवशी पेशंटना तोंड उघडा म्हणून सांगावे लागले नाही, असे ते अजून सांगतात.

ताई तो डबा घेऊन दुकानात भांडायला गेली. परत आली तेव्हा तिच्यामागे दुकानदारच आला, हातात पॉलिश पेपर घेऊन. बायको जाऊन बरीच वर्षे झालेला, टक्कल पडलेला, हळू बोलणारा माणूस. त्याने खुर्चीवरून बोट फिरवले.

“रंगाची चूक नाही. आधी घासून घ्यायला हवं होतं. गुळगुळीत जागेवर तो धरत नाही.”

“मग डब्यावर तसं लिहायचं ना,” मी म्हणाले.

“लिहिलंय. पण बारीक आहे. चष्मा लावून वाचावं लागतं.”

ताई हसली. ते हसणे मी ऐकले होते, पण माझ्या हातात काम होते.

त्यानंतर रंगवाला दर रविवारी येऊ लागला. आधी घासायचे, ओल्या फडक्याने पुसायचे, मग पातळ हात मारायचा, तो वाळला की दुसरा. टेबल झाले, कपाटे झाली, मांडणी झाली. फर्निचर संपले की याचे येणे संपेल, असा माझा अंदाज. पण ताई वस्तू काढतच राहिली. स्टूल झाले, पत्र्याची पेटी झाली, कुंड्या झाल्या, झाडूचा दांडा झाला. एका रविवारी दोघे मिळून बालदीची कडी रंगवताना मी पाहिले. बालदीची कडी रंगवायची गरज जगात कोणालाही पडत नाही. मला तेव्हाच समजायला हवे होते.

हे सगळे आकाशी सामान भाचीने ठेवावे किंवा हव्या त्याला वाटून टाकावे. भंगारवाल्याला तेवढे देऊ नये.

कलम ५. चौथी खुर्ची. वरच्या कलमात ती येत नाही.

चारपैकी तीन खुर्च्या पुऱ्या झाल्या होत्या. चौथी ताई एकटीच रंगवत होती. पाठ झाली, पुढचे दोन पाय झाले. मी कोणाच्या तरी पँटची लांबी कमी करत होते. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “छोटे, आम्ही लग्न करायचं ठरवलंय.”

माझ्या तोंडून निघाले, “मग ही खुर्ची कोण पुरी करणार?”

मला आनंद झाला, असे म्हणता आले असते. मला सोडून जाऊ नकोस, असेही म्हणता आले असते. ते निदान खरे होते. पण मला सुचली ती खुर्ची. ताईने ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, “तू कर की.”

“मी कशाला? सुरू तू केलीस.”

“बरं, मीच करीन. पण आधी तू त्यांना भावोजी म्हणायचं.”

अशी आमची पैज लागली. मी त्याला तोंडावर ‘अहो’ म्हणायचे आणि पाठीमागे ‘रंगवाला’. भावोजी म्हणायला जीभ वळत नव्हती. ताई दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली. अधूनमधून यायची, आल्या आल्या त्या खुर्चीकडे बघायची.

“अजून तशीच?”

“तू संपव की.”

“तू म्हण की.”

सुरुवातीला आम्ही यावर हसायचो. पुढे हसणे कमी होत गेले आणि वाक्ये तेवढी राहिली. बिचारा रंगवाला एकदा म्हणाला, “मी करून टाकू का? अर्ध्या तासाचं काम आहे.” आम्ही दोघी एकदमच त्याच्यावर खेकसलो.

खरे सांगायचे तर ती खुर्ची पुरी व्हायला मला नकोच होती. गिऱ्हाईक कपडा टाकून गेले की आज ना उद्या तो न्यायला येतेच. ताईचेही तसेच होईल, काम अर्धे आहे तोवर ती या घरात येत राहील, असे मी मनाशी धरून चालले होते. ती माझ्यासाठीच यायची, खुर्चीसाठी नाही, हे मला कोणी सांगायला हवे होते का?

मग ताईला श्वास पुरेनासा झाला. दवाखान्यात ती शेवटची शुद्धीवर होती, पण बोलण्याइतका श्वास उरला नव्हता, तेव्हा आम्ही दोघे तिच्याजवळ होतो, तो उशाशी आणि मी पायाशी. तिने माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. काय हवे ते मला कळले. मी म्हणाले, “आधी बरी हो. घरी ये, खुर्ची पुरी कर, मग म्हणेन.”

मला वाटले, आत्ताच म्हटले तर तिचे घरी येणे राहून जाईल. तिने डोळे मिटले आणि मान हलवली. ती हो म्हणाली की नाही म्हणाली, याचा मी अजून विचार करते. ती घरी आली नाही. एक शब्द होता, फुकटचा होता, आणि मी तो दिला नाही. याचे मला जितके वाईट वाटते तितके दुसऱ्या कशाचेही वाटत नाही.

ती गेल्यावर काही दिवसांनी रंगवाला आला. तीन खुर्च्या रिकाम्या असून उभाच राहिला. म्हणाला, “एक मागायचं होतं. ती खुर्ची द्याल? तिच्या ब्रशचे केस चिकटलेत तिला. मी बघितलेत.”

खरोखरच आहेत. पाठीच्या वरच्या पट्टीवर, रंगात रुतलेले दोन बारीक केस.

“मी मेल्यावर घ्या,” मी म्हणाले. तो “बरं” म्हणून गेला.

सबब, सदर चौथी खुर्ची, पाठ आणि पुढचे दोन पाय आकाशी, बाकी जुने तपकिरी पॉलिश, आहे त्या स्थितीत माझ्या पश्चात ताईच्या नवऱ्याला, म्हणजे रंगवाल्याला मिळावी.

कलम ६. साक्षीदार म्हणून दातांच्या डॉक्टरांना आणि रंगवाल्याला बोलावले आहे.

इथून पुढचे आज, दोघे समोर बसलेले असताना लिहिते आहे.

वकीलबाईंनी मला बजावले होते की साक्षीदार म्हणून जो सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. हे ठाऊक होते म्हणूनच मी रंगवाल्याला बोलावले. कागदावर माझा शब्द पाळलेला दिसला असता आणि खुर्ची घरातच राहिली असती. कोणाला दोष देता आला नसता. त्याच्याच हाताने झाले असते.

तो दुकानातून तसाच आला, नखांत पांढरा रंग घेऊन. पेन हातात घेतले आणि विचारले, “कुठे करू?”

“वाचणार नाही का? चष्मा लावा.”

“तुम्ही लिहिलंय ना,” तो म्हणाला. “मग वाचायचं काय त्यात?”

त्याने पेन कागदाला टेकवले आणि मी ओरडले, “भावोजी, थांबा! सही करू नका!”

त्यांनी पेन उचलले. डॉक्टरांनी विचारले, “काय झालं?” भावोजी माझ्याकडे बघत नव्हते, खुर्चीकडे बघत होते. म्हणाले, “ती असती तर आत्ता डबा उघडायला धावली असती.” मग खिशातून चष्मा काढला आणि पुसत बसले.

म्हणून खालीलप्रमाणे दुरुस्ती. कलम ४, ५ आणि ६ मध्ये जिथे ‘रंगवाला’ असे आले आहे तिथे ‘भावोजी’ असे वाचावे. मी खाडाखोड करत नाही. मी काय म्हणत होते ते दिसलेले बरे. खाली डाव्या बाजूला शाईचा एक ठिपका आहे, ती सही नव्हे. दुसरी साक्षीदार म्हणून समोरच्या इस्त्रीवालीला हाक मारली आहे. तिला या कागदात काही ठेवलेले नाही, याबद्दल तिने राग मानू नये.

कलम ७, शेवटचे. चौथी खुर्ची भावोजींनी न्यावी, जवळ ठेवावी, हवे तर तिच्यावर बसावे. पण तिला कोणीही ब्रश लावू नये, त्यांनीसुद्धा नाही. मी भावोजी म्हटले आहे, डॉक्टर साक्षीला आहेत. पैजेप्रमाणे आता पाळी ताईची आहे.

वर लिहिलेले सगळे मी चष्मा लावून पुन्हा वाचले. बरोबर आहे.

सही: केली आहे. मशीनच्या फळीवर कागद ठेवून केली, म्हणून थोडी हलली आहे.

साक्षीदार:
१. दातांचे डॉक्टर, शेजारी (सही)
२. इस्त्रीवाली, समोरची (सही)

ठिकाण: पुढची खोली
दिनांक: आजचा, रविवार