वरचा मजला, खालची शाळा

४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

शाळा बघून घर घ्यावं, की घर बघून शाळा? तू मागच्या पत्रात विचारलंस आणि वर लिहिलंस की घरात पदवी माझ्या एकटीकडे, तेव्हा मीच सांगावं. दादा, मला याचं उत्तर येत नाही. आमच्या पेपरात हा प्रश्न कधी आला नव्हता.

तुमचा कारखाना इकडे हलतोय हे कळल्यापासून काम सुटलं की मी घरं आणि शाळा बघत फिरते. दिवसभर पाण्याचे नमुने गोळा करायचे, म्हणजे लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन नळाखाली बाटली धरायची. पाण्याचा दाब जिथे सगळ्यांत कमी, तिथलं पाणी आधी तपासायचं असा आमच्या प्रयोगशाळेचा नियम. त्यामुळे माझी नोकरी सगळी वरच्या मजल्यांवर. संध्याकाळी पायांत गोळे येतात, पण वस्ती कळते.

शाळेत मी एकदम आत जात नाही. सुटायच्या वेळी फाटकासमोर उभी राहते. पोरं कशी बाहेर पडतात, त्यावरून बरंच समजतं. दोन जागा मनात आहेत. एक टेकडीवर. तिथल्या शाळेत मुलं कपाटातून स्वतः पुस्तकं काढून घेतात, कुणी ओरडत नाही. प्रयोगशाळा खरी आहे, शोभेची नाही. शेजारीच दोन खोल्या आणि स्वयंपाकघर मिळतंय, तिसऱ्या मजल्यावर. वारा भरपूर, पाणी मी स्वतः तपासलं आहे.

दुसरी जागा गोदामांच्या मागच्या गल्लीत. तळमजला, एका भिंतीला ओल, ट्रकची घरघर. गल्लीच्या टोकाला शाळा आहे, पण एका लांब खोलीत दोन वर्ग पाठीला पाठ लावून बसतात. शिक्षक वाईट नाहीत, थकलेले आहेत. तुझा कारखाना मात्र तिथून चालत जाण्यासारखा. टेकडीवरून तुला बस बदलावी लागेल.

शिक्षण आधी, बाकी सगळं मागून, असं मी तुम्हा सगळ्यांना उठता बसता ऐकवत आले आहे. पण राहायचं तुम्हाला आहे. तेव्हा प्रत्येकाला नीट विचार आणि कळव. आईला आधी विचार.

सर्वांना नमस्कार. मुलांना माझी आठवण राहू दे.

तुझी धाकटी


११ मार्च

चि. पदवीधर बाईंस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण इथे आम्ही यंत्रं खोलतोय. ग्रीस फासायचं, कागदात गुंडाळायचं, पेटीत ठोकायचं. माझा लेथ पेटीत गेला तेव्हा वरचे खिळे मीच मारले. घरी आल्यावर हाताचा वास जात नाही आणि ताटावर डुलक्या येतात. तुझी वहिनी म्हणते, आधी तुम्हालाच पेटीत भरा.

तुझ्या हुकुमाप्रमाणे सगळ्यांना समोर बसवून विचारलं. आई म्हणाली, मला काय, कुठेही चालेल, पोरांची शाळा तेवढी चांगली बघ म्हणावं. वहिनी म्हणाली, आई म्हणतील ते चालेल. मलाही चालेल, बस बदलायला मी काही म्हातारा झालो नाही. आपल्या घरात कुणालाही काहीही विचारा, चालतंच. अपवाद एकच, आमच्या कन्या वकीलबाई. त्यांनी उलटतपासणी घेतली. त्या प्रयोगशाळेत मुलं स्वतः प्रयोग करतात, की सर करतात आणि मुलं लांबून बघतात? आठवीत गेल्यापासून तिला दुसरं काही सुचत नाही. तिच्या धाकट्या भावाला, ढोल्याला, फक्त एवढंच कळायला हवं आहे की वर्गात खिडकीजवळ जागा मिळेल का.

तर बाई, आता आम्हाला विचारत बसू नकोस. तू शिकलीस ती याच दिवसासाठी. ठरव आणि मोकळी हो.

जेवणाची हयगय करू नकोस. आमच्यावर माया आहेच, ती अशीच चालू ठेव.

तुझा दादा


१९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

टेकडीवरचं घर ठरवलं. मालक निवृत्त हेडक्लार्क आहेत, प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात. किल्ली त्यांनी विश्वासाने आत्ताच दिली, म्हणाले, झाडलोट करून घ्या. मुख्याध्यापिका बाईंनाही भेटले. दोन्ही मुलांसाठी जागा राखून ठेवतो म्हणाल्या, महिनाअखेरीला नक्की सांगा.

वकीलबाईंना सांग, मुलं स्वतः प्रयोग करतात. मी डोळ्यांनी पाहिलं. एका मुलीने परीक्षानळी फोडली आणि सरांनी तिच्याच हाती झाडू दिला, झालं. आपल्या शाळेत मला बाईंनी तेवढ्यासाठी दिवसभर उभं केलं असतं.

आईची खाट खिडकीपाशी येईल. तिथून शाळेचं मैदान दिसतं. नातवंडं मधल्या सुट्टीत काय उद्योग करतात ते तिला घरबसल्या कळेल. तिला हे मुद्दाम सांग, आणि ती काय म्हणाली ते लिही. मागच्या पत्रात तिच्याबद्दल एकच ओळ होती.

मी दमले आहे, पण बरं वाटतंय. पहिल्यांदाच कुणासाठी तरी आपलं शिक्षण उपयोगी पडलं असं वाटलं.

लोभ आहेच. तो सामानाबरोबर सगळा इकडे आणा, मागे काही ठेवू नका.

तुझी धाकटी


२५ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

हे पत्र मी दुपारी लिहिते आहे, तुझ्या दादाला न सांगता. वाचून रागावू नकोस आणि माझं नाव कुठे घेऊ नकोस.

तुझं पत्र आलं त्या दिवशी आई फार खूश झाल्या. शेजारपाजारी सांगून आल्या, आमच्या धाकटीने अशी शाळा शोधली, तशी शाळा शोधली. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, तुम्ही पुढे व्हा, मी मागाहून येईन. मागाहून म्हणजे कधी असं विचारलं तर भांडी घासायला घेतली, घासलेलीच. मग कळलं की पलीकडच्या मावशींच्या मागच्या खोलीत राहायचं त्यांनी बोलून ठेवलं आहे. दोन पातेली आणि जाड पांघरूण तिकडे पोचलंसुद्धा.

मला आधी वाटलं, गाव सोडवत नाही. मग एक गोष्ट आठवली. मागच्या महिन्यात गुडघ्याला सूज आली म्हणून त्या दवाखान्यात गेल्या होत्या. तो आता वरच्या मजल्यावर गेला आहे, तुला माहीत नसेल. लगेच परत आल्या. म्हणाल्या, डॉक्टर नव्हते. परवा मी ढोल्याचं औषध आणायला गेले तेव्हा कंपाउंडर म्हणाला, डॉक्टर त्या दिवशी इथेच होते, तुमच्या सासूबाई अर्ध्या जिन्यात बसल्या आणि तशाच उतरून गेल्या.

मी त्यांना स्पष्टच विचारलं. आधी मला खूप बोलल्या, सून आहेस की पोलीस म्हणाल्या. मग म्हणाल्या, धाकटीचं शिक्षण कुणाच्या गुडघ्यांपायी अडलं नाही, मग नातीचं का अडवायचं.

तुझ्या दादाला कळलं आहे असं मला वाटतं. ते नुसते पेट्यांना खिळे मारत असतात, आपल्या घरच्या पेट्यांनासुद्धा. धाकटे, तू चुकलीस असं मी म्हणत नाही. शाळा चांगलीच असणार. पण इथे कुणी कुणाला सांगत नाही आणि मी मधल्यामध्ये थकले आहे. काय करायचं मला कळत नाही, म्हणून तुला लिहिलं.

माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी वहिनी


३१ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दादाने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं, आणि वाचून होईपर्यंत तू स्वयंपाकघरात जाऊ नयेस.

तुझ्या गुडघ्यांचं मला कळलं. कुणी सांगितलं ते विचारू नकोस. शनिवारी नमुन्यांची पेटी घेऊन मी टेकडीवरच्या घरी गेले आणि पहिल्यांदा तो जिना बघितला. आई, मी रोज जिने चढते, त्यामुळे मला जिना दिसतच नाही. वर गेले की नळ दिसतो, खिडकी दिसते, वारा येतो. मी हे गाव पाहिलं ते सगळं वरून पाहिलं. तो जिना अरुंद आहे, पायऱ्या उंच आहेत, मध्ये टेकायला कठडासुद्धा नाही. मी तिथेच पेटीवर बसून राहिले. एक बाई भाजी घेऊन वर जात होत्या, त्यांना वाटलं मला घेरी आली.

त्याच घरात खाली जागा आहे का ते विचारलं. नाही. टेकडीवर परवडेल असा तळमजला कुठेच नाही. मी सगळीकडे पाय झिजवले.

म्हणून गोदामांमागच्या गल्लीतलं घर घेतलं. हेडक्लार्कांना किल्ली परत केली. ते नाराज झाले आणि तेही दोनदा सांगितलं. मुख्याध्यापिका बाईंना जागा सोडल्याचं कळवलं. त्या म्हणाल्या, पुन्हा मिळेल असं नाही. मी मान डोलावली. बाहेर आले तेव्हा मधली सुट्टी होती, पण मैदानाकडे बघितलं नाही.

आज सकाळी गल्लीतल्या शाळेत दोन्ही मुलांची नावं घातली. शाळा टेकडीवरच्यापेक्षा कमी आहे, ते मी लपवत नाही. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, आणि विज्ञानाचे सर एकटे तीन वर्गांना पुरतात. मी त्यांना विचारलं की शनिवारी दुपारी मी येऊन मुलांना प्रयोग करायला कपाट उघडलं तर चालेल का. आधी धूळ पुसावी लागेल म्हणाले. याने वकीलबाईंचं समाधान होणार नाही. तिने मला खुशाल बोलावं, मी ऐकून घेईन. मी जे सगळ्यांना ऐकवत होते त्याच्याशी मीच बेइमानी केली, असं मला रोज वाटतं, आणि तरीही मी हेच केलं असतं.

ओल धरलेल्या भिंतीला गवंडी लावला आहे. वसतिगृहातली माझी खाट सोडली. आजपासून मी गल्लीतल्या घरीच झोपणार आहे.

पलीकडच्या मावशींना माझा नमस्कार सांग आणि पातेली घेऊन ये. माझ्यावर राग असला तर असू दे, जीवही तेवढाच असू दे. पण तू आली नाहीस, तर आम्ही सगळे उगाचच तळमजल्यावर राहिलो असं होईल.

तुझी धाकटी