कात्रीने कापलेली गोळी

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (वॉर्डातल्या स्टुलावर बसून लिहितेय, तेव्हा तो मनातल्या मनात.) तब्येत कशी आहे? मामी बरी? मी ठणठणीत. आज आनंदाच्या घाईत लिहितेय, म्हणून अक्षराला हसू नका.

आधी एक दुरुस्ती. ‘आमची भाची औषधं शोधते’ असं तुम्ही गल्लीभर सांगत सुटलाय. घरातली पहिली शिकलेली म्हणून काहीही चिकटवाल? शोधणारे मोठे डॉक्टर. जखमेतल्या जंतूंवरचं एक नवं औषध ते तपासताहेत. काही रोग्यांना नवी गोळी, काहींना जुनी. दिसायला अगदी सारख्या. कोणाला कुठली, हे रोग्यांनाही कळता कामा नये आणि गोळ्या देणाऱ्या मलाही. (रोग्याचा चेहरा बघून मीच ओळखलं तर काय घ्या, म्हणून मी गोळी हातावर ठेवून तोंडच फिरवायची. “घेतली?” “हो, घेतली.” झालं.)

शेजारशेजारच्या खाटांवर एक शिंपीकाका आणि एक ड्रायव्हरआजोबा. दिवसभर पत्ते नि भांडणं. दोघांच्या जखमा भरत होत्या, पण रेंगाळत, आणि अगदी बरोबरीने. आज चादर झटकली तर पांढरा चुरा, आणि उशीखाली कात्री!

“अगं पोरी,” शिंपीकाका बिनदिक्कत म्हणाले, “याची गोळी कडू, माझी गोड. कडू तीच नवी, हे काय सांगायला पाहिजे? म्हणून दोन्ही अर्ध्या-अर्ध्या वाटून घेतो. एकट्यानेच बरं होणं बरं दिसतं का?”

“आणि कापतो कसा बघ,” आजोबा म्हणाले. “मोठा तुकडा स्वतःला!”

म्हणजे दोघांच्या पोटात अर्धं नवं, अर्धं जुनं, आणि पुरतं कुठलंच नाही! नोकरी गेली असं धरूनच मी डॉक्टरांना सांगितलं. ते चष्मा काढून हसले, मग गंभीर झाले. अर्ध्या औषधाने जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात. दोघांना तपासणीतून काढून नीट उपचार सुरू झाले. आणि ‘दोन्ही गोळ्यांची चव सारखी करा’ ही सूचना मान्य झाली. माझी सूचना, मामा!

तुमची लाडकी भाची

ता.क. : बरेच दिवस फिट आली नाही म्हणून तुम्ही फिटची गोळी अर्धीच घेता, असं मामी बोलून गेली. मामा, फिट येत नव्हती ती पूर्ण गोळीमुळे! तुम्ही शिडीवर चढून भिंती रंगवता. आजपासून पूर्ण घ्या, आणि डॉक्टरांना भेटून हे सांगा. पत्र खरं यासाठीच.

ता.क. २ : उत्तरात नुसतं ‘हो, घेतो’ लिहू नका. ड्रायव्हरआजोबाही रोज ‘हो, घेतली’ म्हणायचे. तोंड फिरवणारी मी होते. तुम्ही गोळी घेताना मामीला समोर बसायला सांगितलंय.