हायड्रोजनच्या रेषेशेजारी

प्रिय मेहबूबखाला,

हे पत्र धाकट्या हारिसकडून वाचून घेऊ नका, तुम्हीच वाचा. तुमच्या शगुफ्ताच्या नावासाठी तुमची परवानगी हवी आहे. फोनवर मागायला गेले की भलतंच काही बोलून फोन ठेवते.

बारामतीच्या कॉलेजात आम्ही दोघी एकाच संगणकावर काम करायचो. दोन्ही घरांतल्या पहिल्या पदवीधर. आम्ही बघत होतो त्या दीर्घिकेच्या पोटात एक कृष्णविवर वायू गिळत बसलं आहे. भोवती इतकी धूळ, की साध्या प्रकाशात काहीच कळत नाही. अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण धुळीतून पार येतो. त्यात आपल्या हवेची चमक मिसळते, ती वजा करावी लागते. वर्णपटाच्या आलेखात हायड्रोजनच्या रेषेशेजारी एक छोटा उंचवटा होता. सर म्हणाले, हवेचाच आहे, काढून टाका. शगुफ्ता अडून बसली. हा वायू दीर्घिकेतून बाहेर पळतोय, आपल्याकडं येतोय, म्हणाली. मला चिडवायची, "राजे, आभाळ पुसता पुसता दीर्घिकाबी पुसशील!"

तिचंच खरं निघालं. सहा महिन्यांनी, पृथ्वी सूर्याच्या पलीकडं गेल्यावर घेतलेल्या निरीक्षणात तो उंचवटा दीर्घिकेच्या रेषेबरोबर सरकला. हवेचा असता तर जागेवरच राहिला असता. सर स्वतःच म्हणाले, शोधनिबंधावर पहिलं नाव तिचं.

इथं पुण्यात आलेख उघडला, की खांद्यामागून कुणीतरी वाकून बघतंय असं वाटतं. मी खुर्ची सरकवून जागा करते. मग रिकाम्या जागेकडं बघत राहते.

दुकानात पिको-फॉलला आलेल्या बायकांना तुम्ही सांगता, "पोरगी पुण्यात हाय, राजीसंगं. लई अभ्यास हाय तिला." ईदला तिचं ताट वाढलंत. फोनवर मला विचारलंत, "येळेवर जेवती का गं?" मी "व्हय खाला" म्हणाले. तुमचा फोन ठेवल्यावर खोलीत दुसऱ्या कुणाचा तरी श्वास ऐकू आला.

भवानीनगरच्या रस्त्यावर, उसाच्या ट्रॉलीखाली तिची स्कूटी गेली, त्या दिवसाबद्दल आपण दोघी कधीच बोललो नाही. पण निबंध छापताना, लेखक हयात नसेल तर नावापुढं खूण करून खाली 'दिवंगत' लिहावं लागतं. तुमच्या होकाराशिवाय तो शब्द मी लिहिणार नाही, आणि त्याच्याशिवाय तिचं नाव छापलं जाणार नाही. शुक्रवारी मी काटेवाडीला येते. कबरस्तानाच्या फाटकापर्यंत दोघी चालत जाऊ. तोंडानं काही सांगू नका. होकार असेल तर तिथं फक्त माझा हात धरा.

तुमचीच,
राजलक्ष्मी