बंदर कोरडं पडलं

केशोरी, १४ जानेवारी २०२४

चि. रीना हिला, अ. आ. व जयभीम.

मले फोनवर ऐकू येत नाही अन् तुझी माय फोन हातात घेतला की नुसती रडते, म्हणून लिहून राहिलो. जपानातल्या भूकंपातून तू वाचली, हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. पण आता तिथं काऊन थांबली? म्हाताऱ्यांची सेवा गोंदियातही करता येते. तुझा लोकेशदादा तिकीट काढून देतो म्हणते. माय जेवून नाही राहिली. निघून ये, बेटा.

तुझी वाट पाहणारा,
बाबा

नोतो, जपान, ६ फेब्रुवारी २०२४

ती. बाबांना व आईला, सप्रेम जयभीम.

नववर्षाच्या दिवशी जमीन हलली. आमचा वृद्धाश्रम उभा राहिला, पण खालची वस्ती कोसळली. मी ज्या आजोबांना रोज जेवू घालते, त्यांचा एकुलता मुलगा तिथेच होता. ढिगाऱ्याखाली सापडला. सांगायचं काम माझ्यावर आलं. आजोबा एवढंच म्हणाले की आता होडी कोण बांधून ठेवील.

होडीखाली पाणीच उरलेलं नाही, बाबा. इथे समुद्राचा तळ मिनिटभरात दोन माणसांच्या उंचीइतका वर उचलला गेला. बंदरातल्या होड्या खडकांवर कलंडल्यात. इथल्या शाळेतले मास्तर सांगतात, हा सगळा मुलूख असाच भूकंपामागून भूकंपात समुद्रातून वर आला. आज जिथे लोक धान लावतात, तिथे म्हणे पूर्वी लाटा फुटत.

आजोबा रोज समुद्र दाखव म्हणतात. मी निघून आले तर त्यांना कोण नेईल? आईला सांगा, जेव म्हणावं. रागावू नका.

तुमची,
रीना

केशोरी, २६ फेब्रुवारी २०२४

चि. रीना, अ. आ. व जयभीम.

तुझं पत्र मायले वाचून दाखवलं. तिनं विचारलं, त्या म्हाताऱ्याले सून-नातू कोणीच नाही का. मी समुद्र पाहिला नाही. पण आपल्या इटियाडोह धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरते, ढिवरांचे डोंगे चिखलात बसतात अन् पावसात परत तरंगतात. तिथंही पाणी परत येईल, त्याले सांग. थोडे दिवस थांब, मग ये. माय आज जेवली.

तुझा,
बाबा

नोतो, २ एप्रिल २०२४

ती. बाबांना, सप्रेम जयभीम.

पाणी परत येणार नाही, बाबा. पाणी गेलंच नाही, जमीन वर आली. आजोबांना हे सांगायचा धीर झाला नाही, म्हणून दाखवायला नेलं. चाकांची खुर्ची बंदराच्या भिंतीशीच अडली. पुढे नुसते पांढरे पडलेले खडक आणि मेलेल्या शिंपल्यांचा वास. मी त्यांना पाठीवर घेतलं, तुम्ही मला धानाच्या बांधीतून न्यायचे तसं. किती हलके झाले होते! वाटेत त्यांनी स्वतःची होडी ओळखली, पण थांब म्हणाले नाहीत. पाण्यात पाय सोडून बराच वेळ बसले. मग विचारलं, मुलगा कुठे आहे. त्यांच्या लक्षात राहत नव्हतं. मी पुन्हा सांगितलं. ते रडले, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे.

त्यानंतर त्यांनी खाणं सोडलं. परवा गेले. जवळ दुसरं कोणी नव्हतं. हात धरून मी त्रिशरण म्हटलं.

आश्रम बंद होतोय, उरलेल्यांना दूरच्या शहरात नेणार आहेत. त्यांच्याबरोबर जाऊ की घरी येऊ, कळत नाही. तुम्हीच सांगा.

तुमची,
रीना

केशोरी, १९ एप्रिल २०२४

चि. रीना, अ. आ. व जयभीम.

माय मोहफुलं वेचून आली तेव्हा पत्र वाचून दाखवलं. टोपली तशीच खाली ठेवली. मग म्हणाली, तिले लिहा, त्या म्हाताऱ्यांसंग जा म्हणून.  जा, पण तिच्यावर तुले परत आणा म्हणायची वेळ येऊ नये, एवढी जपून राहा.

संध्याकाळी आम्ही विहारात गेलो. त्या म्हाताऱ्यासाठी वंदना घेऊ म्हटलं. सगळे उभे राहिले, मायनं मेणबत्ती लावली. भन्तेजींनी नाव विचारलं. तुझ्या पत्रात नाव कुठंच नाही. मी सांगितलं, आमच्या रीनाचा आजोबा होता.

नाव लिहून पाठव. मले म्हणता येईल का माहीत नाही, पण पाठव.

तुझा,
बाबा