भरलेला तांब्या

सर, उद्या माझ्या खुब्याचं ऑपरेशन आहे. न्हाणीघरात पाय घसरला आणि जन्मभर दुसऱ्यांची हाडं सांधणारी मीच आडवी झाले. मघाशी एक तरुण डॉक्टर येऊन गेला. संगणकात माझे आकडे घालून म्हणाला, रक्ताचा रिपोर्ट छान आहे, बाहेरचं रक्त द्यावं लागेल असं दिसत नाही. तेव्हापासून तुमची फार आठवण येतेय.

सत्तरच्या दशकात सोलापूरला मी तुमच्या हाताखाली नवी नवी लागले होते. अक्कलकोटकडची एक आजी खुबा मोडून आली होती. मोडका गोळा काढून स्टीलचा बसवायचा होता. रक्त तेव्हा नातेवाइकांनीच आणायचं, आणि रक्त दिलं की माणूस कायमचा खंगतो ही भीती घरोघर. मुलगा कसाबसा एका बाटलीला तयार झाला. आजीच्या रक्ताचा रिपोर्ट चांगला होता, मीही एक पुरेल म्हणाले. तुम्ही रिपोर्ट हातात घेतलात, पण बघत होतात आजीच्या उशाशी ठेवलेल्या तांब्याकडे. "डॉक्टरबाई, हा सकाळपासून भरलेलाच आहे." मग तिच्याजवळ बसलात. ती पदर तोंडाला लावून म्हणते, "पानी पिलं की निजल्याजागी भांडं मागावं लागतंय. सुनंला किती येळा सांगू? लाज वाटती की."

बाहेर आल्यावर तुम्ही मला झापलंत, तेही तुमच्या पद्धतीनं. "आमटी आटली की घट्टच दिसते. म्हणून डाळ जास्त पडली असं होतं का? सलाईन चढू दे, मग रक्त परत तपासा." सलाईन चढलं आणि रक्त खरंच कमी निघालं. आणखी एक बाटली लागेल म्हटल्यावर मुलगा मागं सरला. सुनेनं हात पुढं केला. "माजं घ्या. पन आत्याबाईस्नी सांगू नका, आनकी लाजतील."

तिचा गट जुळला, ऑपरेशनला दोन्ही बाटल्या लागल्या. आजी वाचली. तुम्ही मात्र सुनेचं ऐकलं नाहीत. "आजी, हिचं रक्त तुमच्या अंगात हाय. आता हिची कसली लाज?" आजी मान सुनेकडे वळवते. मग हळूच म्हणते, "तांब्या दे गं." मला तेव्हा रडू आवरलं नव्हतं.

तुम्ही या जगात नाही, हे पत्र काही तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून सांगते. माझी सून रजा काढून इथं बसली आहे. सारखी विचारते, "आई, पाणी देऊ?" मी म्हणते, आत्ताच प्यायले. सर, ग्लास कालपासून भरलेला आहे.