गेटवर रडणारी मुलं

२ नोव्हेंबर
बदली झाली, सामान आलं. आता उरलं काय, तर घर आणि शाळा. कंपनीचं गेस्ट हाउस महिनाअखेरपर्यंतच आहे. हिचं म्हणणं, समोरची शाळा बरी दिसते, थोरलीला तिथे घालू आणि जवळच घर घेऊ. समोर दिसलं की घेतलं, असं भाजीचं असतं. थोरली सहा वर्षांची आहे, तिच्या आयुष्याचा प्रश्न आहे. मी शास्त्रशुद्ध पद्धतीने जाणार. उद्या पहाटे उठायचं.

३ नोव्हेंबर
उशिरा उठलो. प्रवासाचा शीण. उद्या नक्की.

५ नोव्हेंबर
घरं पाहिली. वस्ती मुलांच्या उंचीवरून पाहावी, हे माझं तत्त्व. म्हणून फुटपाथवर गुडघ्यांवर चालत निघालो. एजंटने विचारलं, काही हरवलंय का. मी तत्त्व समजावून सांगितलं. इतक्या खोलात जाणारं गिऱ्हाईक बिचाऱ्याला भेटलं नसणार, कारण संध्याकाळपासून फोनच उचलत नाही. बिझी असेल.
उजवा गुडघा सोलवटला. धाकट्याने मोठ्या प्रेमाने पट्टी लावली, डाव्याला.

९ नोव्हेंबर, सकाळ
शाळांचं काम हाती घेतलं. निकाल, ब्रोशर, स्विमिंग पूल, सगळा देखावा. खरी कसोटी एकच: सकाळी गेटवर किती मुलं रडतात. कमी रडतात ती शाळा चांगली. हे आजवर कुणाला कसं सुचलं नाही, याचंच नवल वाटतं.
पालकांना संकोच वाटू नये म्हणून टोपी आणि काळा गॉगल घालून झाडाआड उभा राहिलो. पहिल्या शाळेत रडारड फार. बाद. दुसऱ्या शाळेत एका रडणाऱ्या मुलाला जवळ जाऊन विचारलं, बाळा, बाई ओरडतात का. त्याच्या आईने त्याला उचललं आणि धावतच आत नेलं. शिक्षणाची केवढी ही ओढ. ही शाळा विचारात घ्यायला हवी.

१२ नोव्हेंबर
आज तिसऱ्या शाळेच्या गार्डने माझा फोटो काढला. मनापासून शोधणारा बाप त्याला रोज थोडाच दिसतो. चौथ्या शाळेत तर मी रस्ता ओलांडायच्या आधीच गार्डने मला ओळखलं आणि वॉकीटॉकीवर कुणाला तरी कळवलं. नव्या शहरात इतक्या लवकर नाव होईल असं वाटलं नव्हतं.
ही म्हणाली, समोरच्या शाळेत पहिलीची एकच जागा उरली आहे. मी म्हटलं, घाईचं काम नाही हे.

१३ नोव्हेंबर
हिच्या समाधानासाठी समोरची शाळाही पाहिली. एकही मूल रडलं नाही. संशयास्पद आहे. दाबून ठेवत असणार पोरांना. बाद.

१६ नोव्हेंबर
थोरली दिवसभर धाकट्याला समोर बसवून शिकवते. तो उठून गेला की त्याच्या उशीला शिकवते. आज मला विचारत होती, शाळेत न जाताच मी नापास झाले का. मला एकदम भरून आलं. तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, बाबा तुझ्यासाठी सर्वात चांगली शाळा शोधतायत. ती म्हणाली, चांगली नसली तरी चालेल.
पोर आहे, तिला काय कळतं.

१८ नोव्हेंबर
हिने मला न विचारता समोरच्या शाळेची वेळ घेतली. गेलो. गेटवर गार्डने मला नीट न्याहाळलं, मग मोबाइल उघडून दाखवला. झाड, टोपी, गॉगल, मी. सगळ्या शाळांच्या गार्डांचा एक ग्रुप आहे म्हणे. मी माझी पद्धत सविस्तर समजावली. त्याने दुसऱ्या गार्डला बोलावलं.
ही थोरलीचा हात धरून पुढे निघाली होती. गार्डने तिला विचारलं, हे तुमच्याबरोबर आहेत का. ती मागे वळून म्हणाली, नाही. आणि आत गेली. चर्चा नको, म्हणून केलं असणार. प्रसंगावधान आहे बाईला.
जागा मिळाली.

२२ नोव्हेंबर
घरही ठरलं. शाळेच्या मागची गल्ली. एजंट हिचे फोन उचलतो. मी फक्त सही केली. मुख्य निर्णय मुळात माझ्याच पाहणीतून निघालेत, हे हिला सांगितलं. ती भांडी बांधत होती.

२५ नोव्हेंबर
थोरलीचा पहिला दिवस. ही सोडायला गेली. मला गेटपाशी यायची परवानगी नाही, म्हणून समोरच्या फुटपाथवर थांबलो. वाटलं होतं, थोरली आईला बिलगेल, मागे वळून बघेल, मग मी हात हलवीन. ती उड्या मारत आत गेली.
गेटवर आजही कुणी रडलं नाही. फुटपाथवर मात्र मला आवरेना. गॉगल घातला, तरी गालांवरून ओघळत होतं.
गार्ड रस्ता ओलांडून आला. म्हटलं, आता पुन्हा फोटो. तर त्याने एक छोटा रुमाल पुढे केला, सशाचं चित्र असलेला. नव्या मुलीने आतून पाठवलाय, म्हणाला. पलीकडच्या त्या गॉगलवाल्या काकांना द्या, असं तिने सांगितलंय.
रुमाल घेतला. पोरीत आईचं प्रसंगावधान पुरेपूर उतरलंय.